ब रकान्यातली बाई

४ मे, सोमवार

मॅडम आज स्वतः प्रयोगशाळेत आल्या. महिनाअखेरच्या शनिवारी, म्हणजे ३० तारखेला, तळ्याकाठच्या बागेत उघड्यावर वाद्यवृंदाचा कार्यक्रम आहे. लोक गवतावर सतरंज्या टाकून संध्याकाळभर खातात, पितात, ऐकतात. यंदा आमची कंपनी तिथे टोपल्या ठेवणार आहे. प्रत्येक टोपलीत दोन माणसांचे खाणे आणि आमच्या दोन वाइनच्या छोट्या बाटल्या. अशा एकशेसाठ टोपल्या. कोणत्या खाण्याबरोबर कोणती वाइन, हे मी ठरवायचे.

"तुम्ही काम चोख करता," मॅडम म्हणाल्या. "आणि आपले चाखणारे निवृत्त झाल्यापासून ती खुर्ची रिकामीच आहे. हे नीट पार पडलं तर बघू."

बघू म्हणजे काय, ते मी विचारले नाही. पाच वर्षे मी इथे वाइनमधली आम्लता, साखर आणि गंधक मोजते आहे. मोजून झालेली वाइन चांगली की वाईट, हे दुसरे कोणीतरी सांगते. ती खुर्ची मला हवी आहे. हे मी कोणाला सांगितलेले नाही.

७ मे, गुरुवार

खाण्याचे पदार्थ ठरले: काकडीचे सँडविच, भाजून थंड केलेली कोंबडी, खारट चीज, खरबूज. वाइन तीन: पांढरी, गुलाबी, हलकी लाल. तीनपैकी दोन निवडायच्या.

अडचण तक्त्याची आहे. कंपनीच्या चाखणीच्या तक्त्यात दोन रकाने असतात, अ आणि ब. दोन माणसांनी एकमेकांचे न बघता चाखायचे, दहापैकी गुण द्यायचे, शेरा लिहायचा आणि खाली सही करायची. एकाचा दिवस वाईट गेला म्हणून वाइन वाईट ठरू नये, हा त्यामागचा हेतू. दुसरा परीक्षक बाहेरचा असला तरी चालतो. नियम चांगला आहे.

दुपारी पॅकिंग विभागात गेले होते. तिथे सहा जणी कशावरून तरी पोट धरून हसत होत्या. मी दारात उभी राहिल्यावर थांबल्या.

"काही हवंय का, मॅडम?"

"चिकटपट्टी," मी म्हणाले.

त्यांनी दिली. माझ्या टेबलावर आता चिकटपट्टीची तीन रिळे आहेत.

घरी येऊन पांढरी आणि काकडी एकत्र चाखून बघितली. अ रकान्यात लिहिले: "आम्लता योग्य. काकडीच्या पाणचटपणाला धार येते. ७." ब रकाना रिकामा ठेवला तर तक्ता दाखल होत नाही. म्हणून तोही मीच भरला. दोन्हीकडे सारखे गुण संशयास्पद दिसले असते. त्यामुळे ब ला वेगळे मत देणे भाग होते. तिने लिहिले: "काकडीकडे आजवर कोणी लक्ष दिलं नव्हतं. ही वाइन देते, पण पहिली दहा मिनिटंच. ५."

सही डाव्या हाताने केली. बरी आली.

१० मे, रविवार

आईचा फोन, नेहमीप्रमाणे साडेदहाला.

"आवाज का गं बसलाय तुझा?"

"बसला नाहीये."

शुक्रवारी साडेपाचला कंपनीच्या तळघरात काम करणाऱ्या काकांना "येते" म्हटले होते. त्यानंतर आवाज वापरला गेला नव्हता, एवढेच. पाच-सहा वाक्यांत मोकळा होतो.

आईने टोपल्यांबद्दल सगळे विचारून घेतले. मग म्हणाली, "आणि हे सगळं तू एकटीच करतेयस?"

"नाही. आणखी एक जण आहे चाखायला."

"कोण? मुलगी आहे?"

"हो."

"कशी आहे?"

मी थोडा विचार केला. "गोड आवडतं तिला. खरबूज अजिबात आवडत नाही. आणि मनात येईल ते लिहून टाकते."

आई हसली. "बरं झालं बाई. माझ्या मोजपट्टीला अशीच कोणीतरी हवी होती."

मोजपट्टी म्हणजे मी. सातवीपासून.

१२ मे, मंगळवार

तळघरातल्या पिंपांतून वाइन काढून देण्याचे काम काकांकडे आहे. कंपनीतले ते सर्वांत जुने. मी प्रत्येक वाइनचे दोन ग्लास मागितले.

"दोन? कोणी पाहुणी आलीय वाटतं."

"दुसरी परीक्षक आहे."

"अस्सं."

संध्याकाळी ग्लास परत नेऊन दिले. ते त्यांनी दिव्याखाली धरून बघितले, एक, मग दुसरा. "गंमत आहे ताई. दोघीही तळाशी तेवढीच ठेवता."

"प्रमाण ठरवून दिलेलं आहे."

"हां, तेही खरंच." त्यांनी ग्लास विसळले. "त्या तुमच्या बाईंना सांगा, दुपारी चारला मी इथे चहा करतो. दोन कपांचा होतो नेहमी, सवय आहे, आणि दुसरा मोरीत जातो. यायला हरकत नाही म्हणावं."

हा निरोप पोचवण्याजोगा नव्हता. "सांगते," मी म्हणाले.

जाताना त्यांनी आणखी एक मुद्दा काढला, तो मात्र उपयोगी आहे. वाइन खोलीत बसून चाखली आणि गवतावर बसून चाखली, यात फरक पडतो. शनिवारी बागेत जाऊन करते.

१६ मे, शनिवार

बाग, संध्याकाळी सहा. हवेचे तापमान २९. सतरंजी, तीन बाटल्या, दोन ग्लास, सगळे पदार्थ, थर्मामीटर.

पांढरी: सहाला ८ अंश, सहा वीसला १३, सहा चाळीसला १८. अठरा अंशांना ती नुसती आंबट लागते. ब ने पहिल्याच दिवशी दहा मिनिटे म्हटले होते. ते घरात बसून कसे सुचले, सांगता येत नाही.

गुलाबी: १७ अंशांपर्यंत टिकते. कोंबडी हाताने तोडून खाल्ली. अ: "साखर किंचित जास्त. ५." ब: "दिवसभराचे बूट काढून गवतावर पाय ठेवले की जसं वाटतं, तशी. ८."

लाल उन्हात तापून जड झाली. दोघींनी नापास केली.

साडेसहाच्या सुमारास एक म्हातारी बाई काठी टेकत आली. सतरंजीकडे, दोन ग्लासांकडे बघून म्हणाली, "छान मांडलंय हो. टेकू का जरा इथे? का कोणी यायचंय?"

"यायचंय," मी म्हणाले.

ती पलीकडच्या बाकावर जाऊन बसली. मध्येच एकदा तिने माझ्याकडे बघून हात हलवला. मला तक्ता पुरा करायचा होता. ब चा रकाना भरायला हल्ली अ च्या दुप्पट वेळ लागतो.

१७ मे, रविवार

आईने पहिला प्रश्न ब बद्दल विचारला. नाव काय, हा प्रश्न अजून आलेला नाही. काल काय काय झाले ते सांगितले. बुटांचे वाक्य सांगितल्यावर ती म्हणाली, "वा! तिला म्हणावं, एकदा घरी ये." मग, "तू काय लिहिलंस?"

"साखर किंचित जास्त."

"हं," आई म्हणाली.

१९ मे, मंगळवार

तक्ते दिले. मॅडमनी ते माझ्यासमोरच वाचले. अ च्या रकान्यावरून त्यांची नजर सरळ खाली गेली. ब च्या रकान्यावर थांबली. खरबुजाशी आल्यावर त्या मोठ्याने हसल्या. तिथे ब ने लिहिले आहे: "खरबूज आणि मी, आमचं जमत नाही. वाइनने मध्ये पडू नये."

"कोण आहे ही?"

"बाहेरची आहे."

"अहो, कुठे लपवून ठेवली होती? हे कार्डांवर छापू. प्रत्येक पदार्थाबरोबर एक कार्ड, तुमचं वाक्य वर, हिचं खाली. लोकांना दोन मतं वाचायला गंमत वाटेल. आणि गुलाबीचं ही म्हणतेय तसंच करू. पांढरी फक्त सुरुवातीला, बर्फातून काढल्या काढल्या."

निवड योग्यच आहे. शनिवारचे आकडेही तेच सांगतात. मी तसे म्हटले.

खाली जाताना माझ्या लक्षात आले की मला आनंद झाला आहे. नेमका कोणाच्या वतीने, हे स्पष्ट नाही.

२० मे, बुधवार

कार्डांचा मजकूर तपासला. शुद्धलेखनाची एक चूक, ब च्या वाक्यात. दुरुस्त केली नाही. तिच्या तोंडी ती बरी दिसते.

२४ मे, रविवार

आईने ब साठी नमस्कार सांगितला आहे. कार्यक्रमाला दोघी एकत्र बसणार का, असेही विचारले. "टोपली दोघांचीच असते," मी म्हणाले. हे वाक्य खरे आहे.

२६ मे, मंगळवार

मॅडमनी केबिनमध्ये बोलावले. दार लावून घ्यायला सांगितले.

"शनिवारी पुढच्या सतरंजीवर आपले पाहुणे असतील. तुम्ही दोघी त्यांच्यात बसा. तुमच्या मैत्रिणीला जरा बोलतं करा, म्हणजे झालं." मग त्या पुढे वाकल्या. "आणि दुसरं म्हणजे ती खुर्ची. मी विचार करत होते, तिलाच विचारू या का? तुम्ही प्रयोगशाळेत अगदी योग्य जागी आहात. पण हिला... काय म्हणू, हिला माणसं कळतात. तुम्हाला वाईट नाही ना वाटणार?"

"नाही."

"मग शनिवारी मी तिच्याशी बोलते."

घरी आल्यावर राग आला. कोणाचा, ते ठरवायला साधारण तासभर गेला. ठरले नाही.

२७ मे, बुधवार

ब का येणार नाही, याची कारणे सकाळी कागदावर काढली.

एक: बदली होऊन परगावी गेली.

दोन: आजारी आहे. (मॅडम भेटायला जाऊ म्हणतील.)

तीन: वारली.

तिसरे लिहिल्यावर मी उठून पाणी प्यायले. परत येऊन ते वाक्य इतके खोडले की कागद फाटला.

अकरा वाजता केबिनमध्ये गेले. उभ्यानेच सांगितले, "ब रकाना मी भरलेला आहे. सगळा. दुसरी परीक्षक कोणी नाही."

मॅडमना आधी कळलेच नाही. "नाही म्हणजे? सोडून गेली?"

"नव्हतीच. डाव्या हाताची सही आहे ती."

त्यांनी तक्ते काढले. एक सही माझ्यासमोर धरली, मग माझ्याकडे बघितले. तक्ते परत रचून ठेवले. मग म्हणाल्या, "नियम कशासाठी आहे, माहीत आहे ना?"

"हो."

"दुसरं कोणी असतं तर मी आज घरी पाठवलं असतं. कार्डं छापून झालीत, टोपल्या परवा भरायच्यात, त्यामुळे बाहेर कोणाला काही कळणार नाही. खुर्चीचा विषय संपला. यापुढे चाखणीच्या कुठल्याही तक्त्यावर तुमची सही नको. प्रयोगशाळेतलं काम आहे तसं चालू ठेवा."

"ठीक आहे."

मी दारापर्यंत गेले होते.

"एक सांगा," त्या म्हणाल्या. आवाज आता साहेबाचा नव्हता. "ते बुटांचं, काकडीचं, ते सगळं तुम्हीच लिहिलंत?"

"हो."

"मग एरवी अशा का नाही हो बोलत? पाच वर्षं झाली. मला वाटायचं, तुम्हाला आम्ही कोणी आवडत नाही."

मी "सवय नाही" असे काहीसे म्हणाले, आणि पुढे, का कोण जाणे, "चिकटपट्टी आहे माझ्याकडे, कोणाला हवी असेल तर." त्यांनी मान हलवली. त्यांना काहीच कळले नसणार.

काकांना सांगायला तळघरात गेले. त्यांनी सगळे ऐकून घेतले.

"आधी म्हणाला असतात तर मी केली असती सही," ते म्हणाले.

"तुम्ही तिच्यासारखं लिहिलं नसतंत."

"तेही खरंच."

चार वाजायला दहा मिनिटे होती. मला आम्लतेचे नमुने लावायचे होते, म्हणून वर आले.

३१ मे, रविवार, सकाळ

काल मला बागेत तापमानाच्या नोंदी घ्यायला पाठवले होते. पाहुण्यांच्या सतरंजीवर मॅडम स्वतः बसल्या. परीक्षकांसाठी म्हणून बाजूला काढलेली टोपली पॅकिंगमधल्या एकीने माझ्या हातात दिली. "तुमचीच आहे ना? दोघींची?" मी घेतली आणि मागे, झाडांच्या रांगेजवळ जाऊन बसले.

हवा साडेपाचला ३१ अंश. पांढरी बारा मिनिटांत उतरली. गुलाबी शेवटपर्यंत टिकली. ब चे सगळे अंदाज बरोबर निघाले. अ चे दोन चुकले.

वाद्ये जुळवून घेताना जो गलका होतो, तो मला कार्यक्रमापेक्षा जास्त आवडला. प्रत्येक जण आपापले काही वाजवत असतो आणि मग एका क्षणी सगळे एका सुरावर येऊन थांबतात. हे शेजारी कोणाला तरी सांगावे असे वाटले. शेजारी टोपली होती.

लोक कार्डे वाचत होते. मी ऐकू येईल इतक्या अंतरावर होते. माझ्या लगेच पुढे, दुसऱ्या एका सतरंजीवर एक जोडपे होते, पन्नाशीचे. त्याने काकडीचे कार्ड वाचून दाखवले. तिने खरबुजाचे. मग बुटांचे वाचून तिने खरेच चपला काढल्या, आणि त्यालाही काढायला लावल्या.

"आणि ही वरची कोण?" तो म्हणाला. "आम्लता योग्य म्हणे. मार्क देतेय का जेवायला घालतेय?"

"असू दे रे. पण ही खालची बाई असती ना आत्ता इथे, तर मी तिला जवळ बसवून घेतलं असतं."

मी त्यांच्यापासून साधारण दोन मीटरवर होते. हातात थर्मामीटर होता. ती बाई मीच, असे म्हणण्यासाठी मी तोंड उघडले होते. तेवढ्यात टाळ्या सुरू झाल्या, आणि टाळ्या थांबल्यावर ते दोघे पुढे बघत होते. पुन्हा तोंड उघडणे विचित्र दिसले असते.

टोपलीतले अर्धे खाणे खाल्ले. अर्धे परत आणले. खरबूज मुंग्यांना गेले.

त्याच दिवशी, दुपार

साडेदहाला आईचा फोन आला.

"झाला का कार्यक्रम? कशी काय होती गर्दी? आणि ती? तिला आवडलं?"

"आई, ती नाहीये."

"नाहीये म्हणजे? आली नाही?"

"म्हणजे कोणी नाहीच आहे. दोन्हीकडे मीच लिहीत होते."

आई गप्प झाली. बोलणे किती वेळ चालू आहे ते फोनच्या पडद्यावर दिसते, म्हणून सांगते: नऊ सेकंद.

"म्हणजे तीन आठवडे मी ज्या पोरीला नमस्कार सांगतेय..."

"हो."

"आणि तिला खरबूज आवडत नाही, ते?"

"ते मला आवडत नाही."

"तुला? लहानपणी तर मुकाट्याने खायचीस!"

"मुकाट्याने," मी म्हणाले.

पुन्हा शांतता. या वेळी मी सेकंद बघितले नाहीत.

"मग काल तू एकटीच बसली होतीस."

"हो."

"किती वेळ?"

"दोन तास चाळीस मिनिटं."

मला वाटले, आता रडेल किंवा रागावेल. तिने नाक ओढले. मग खुर्ची सरकवल्याचा आवाज आला.

"बसले मी," ती म्हणाली. "सांग आता. पहिल्यापासून. टोपली उघडलीस, मग?"

आईने आयुष्यात वाइनचा थेंब चाखलेला नाही. मी सांगत गेले: झाकण, रुमाल, बर्फाची पिशवी, पांढरी बाटली, काकडीचे सँडविच. तिथेच तिने अडवले.

"काकडी? अगं, काकडी म्हणजे पाणी. पाण्याला कसली आलीय जोडी?"

"तिच्यात आम्लता कमी असते, म्हणून..."

"आम्लता ठेव तुझी कपाटात. उन्हात दोन तास बसायचं तर माणसाला अंडं लागतं. उकडलेलं, मीठ-मिरी लावून. तुम्ही दोघी..." ती थबकली. "तू अंडं का नाही ठेवलंस?"

अंड्यात गंधक असते आणि वाइनच्या चवीवर ते बसते, हे मी तिला समजावून सांगितले. संदर्भासह.

"ते असेल पुस्तकात. तू खाऊन बघितलंस?"

"नाही."

"मग कशावरून?"

मी आणखी तीन कारणे दिली. तिला एकही पटले नाही. ती म्हणाली की मी वडिलांसारखी हटवादी आहे, मी म्हणाले की तिने विषय बदलू नये. ती म्हणाली, बदलते, माझा फोन आहे. मग आम्ही चीजवर आलो, आणि तिथेही तिचे काहीतरी म्हणणे होते. अकरा वाजून एकेचाळीस मिनिटांनी तिने फोन ठेवला. इतका वेळ ती कधी बोलत नाही. मीही नाही.

कालची गुलाबी फ्रीजमध्ये आहे, अर्धी. घरात अंडी होती. एक उकडायला ठेवले आहे, नऊ मिनिटे. आईचे बरोबर निघाले तर तिला आजच कळवावे लागेल, पुढचा रविवार फार लांब आहे.

चूक निघाले, तरी.